पैसा कोणत्या नियमानं सुटतो? कोल्हापुरातल्या संस्थांसाठी निधी शोधण्याची वाट

कोल्हापूर जिल्ह्यात समाजाच्या कामासाठी पैसा नाही असं नाही. साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, नागरी बँका आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या कंपन्या, जिल्हा परिषदेचा सेस (स्वतःच्या उत्पन्नाचा निधी), आमदार-खासदार निधी, रोटरी, मुंबईतले मोठे ट्रस्ट, परदेशात स्थायिक झालेले इथले लोक, असे अनेक स्रोत आहेत. तरीही आजऱ्याची किंवा गगनबावड्याची एखादी चांगलं काम करणारी छोटी संस्था दहा ठिकाणी पत्रं देते आणि हातात काही पडत नाही. बहुतेक वेळा खोट कामात नसते. प्रत्येक पैशाला एक नियम बांधलेला असतो. पत्र त्या नियमात बसत नसेल, तर समोरच्या माणसाच्या मनात असूनही त्याला सही करता येत नाही.

म्हणून ‘कोण देतं?’ याआधी ‘हा पैसा कोणत्या कायद्याखाली, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या सहीनं सुटतो?’ हे विचारायला हवं. याचं उत्तर हातात असलं की निम्मी पत्रं लिहावीच लागत नाहीत आणि उरलेली योग्य टेबलावर पोचतात.

कंपनी आणि सहकारी संस्था यांची गल्लत

कोल्हापुरात सर्वांत जास्त होणारी चूक इथली आहे. ‘कारखान्याकडं सीएसआर मागू’ असं सर्रास म्हटलं जातं. सीएसआर, म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजाच्या कामावर करायचा खर्च, येतो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधून, आणि ते कलम कंपन्यांना लागू आहे. सहकारी साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, नागरी बँक, पतसंस्था या सहकार कायद्याखालच्या संस्था आहेत. त्यांच्यावर सीएसआरचं बंधन नाही. तिथं ‘आपल्या सीएसआर निधीतून’ असं पत्र दिलं, की पहिल्याच ओळीत समोरच्याला कळतं की यांनी चौकशी केलेली नाही. खाजगी साखर कारखाना मात्र कंपनी असतो. तो निकषात बसला तर त्याला कलम १३५ लागू होतं. नाव सारखं वाटलं तरी आधी नोंदणी कशाखाली आहे ते पाहा.

सहकारी संस्था समाजाच्या कामाला पैसे देऊ शकतात, फक्त दार वेगळं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६९ नुसार राखीव निधी आणि शिक्षण निधीची तरतूद केल्यावर संस्था निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम सहकारी, धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी बाजूला ठेवू शकते. ती खर्च करायला शासनानं अधिसूचित केलेल्या संघीय संस्थेची मान्यता लागते. यातून दोन गोष्टी निघतात. नफा नसेल तर हा निधी नाही, म्हणून तोट्यातल्या संस्थेच्या दारात वेळ घालवू नये. आणि निर्णय नफा विभागणीत होतो, जी वार्षिक सर्वसाधारण सभेपुढं येते. ही सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायची असते. तेव्हा संचालकांना भेटायचे महिने जून, जुलै आणि फार तर ऑगस्ट. सभेआधी सभासदांना मिळणारा छापील अहवाल कुणाकडून तरी मागून घ्या. त्यातल्या नफा विभागणीच्या तक्त्यात धर्मादाय निधी किंवा तशा नावाची ओळ आहे का आणि तिच्यात किती रक्कम टाकली आहे, ते पाच मिनिटांत दिसतं. तिथं ४०,००० रुपये असतील तर चार लाखांचा प्रस्ताव नेऊ नये. त्यापेक्षा जागा, शेड, वीज, दिवसातून एक फेरी गाडी असं काही मागावं. सहकारी संस्थांना वस्तुरूपानं मदत करणं सोपं जातं, आणि ती मदत पुढं दुसऱ्या देणगीदाराला ‘स्थानिक सहभाग’ म्हणून दाखवता येते.

सीएसआर: आकडेमोड आधी, पत्र नंतर

मागच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला कलम १३५ लागू होतं. तीनपैकी एक निकष पुरतो. अशा कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायची असते. एखाद्या फौंड्रीचा सरासरी नफा ६ कोटी असेल, तर तिचा वर्षाचा सीएसआर होतो १२ लाख. त्यात तिच्या आधीच ठरलेल्या दोन-तीन गोष्टी असणारच. तिच्याकडं २५ लाखांचा प्रस्ताव नेला तर तो वाचलाही जाणार नाही. दीड-दोन लाखांचा, चार महिन्यांत पुरा होणारा प्रस्ताव मात्र तिथं नक्की ऐकून घेतला जातो.

कंपनीची ही रक्कम वर्षाला ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही. संचालक मंडळच ते काम करतं. आपल्याकडच्या बऱ्याच मध्यम उद्योगांत म्हणूनच ‘सीएसआर मॅनेजर’ नावाचा माणूस सापडत नाही. तिथं मालक-संचालक, कंपनी सेक्रेटरी किंवा कंपनीचे सीए यांच्याशीच बोलावं लागतं. मोठ्या कंपनीचा कारखाना कागलला आणि मुख्य कार्यालय मुंबईला असेल, तर पत्राची एक प्रत कारखान्याच्या एचआर विभागाला आणि एक मुख्य कार्यालयाला द्या. कंपनी जिथं काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. हा मुद्दा पत्राच्या पहिल्या परिच्छेदात घाला, अंतरासह: ‘आपल्या कारखान्यापासून ७ किलोमीटरवरची तीन गावं.’

कंपनी कशावर खर्च करते हे शोधायला तीन जागा आहेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीच्या नावानं मागच्या वर्षांचा खर्च पाहता येतो. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सीएसआर धोरण आणि मंडळानं मंजूर केलेले प्रकल्प देणं नियमानं बंधनकारक आहे. आणि वार्षिक अहवालाला सीएसआरचं परिशिष्ट जोडलेलं असतं. अनेक कंपन्या प्रकल्पाचं नाव, जिल्हा, रक्कम आणि कोणत्या संस्थेमार्फत काम झालं, हेही सांगतात. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून पाहा. दरवर्षी शाळांची स्वच्छतागृहंच दिसत असतील, तर तुमचा नदीकाठचा वृक्षलागवडीचा प्रस्ताव तिथं जाणं अवघड. दरवर्षी एकच संस्था दिसत असेल, तर त्या संस्थेलाच भेटून भागीदारीचं बोलणं जास्त फायद्याचं.

काम कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये बसलं पाहिजे. शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, पर्यावरण, वारसा जतन, ग्रामविकास, आपत्ती निवारण हे सगळं त्यात आहे, म्हणजे दालन मोठं आहे. काय बसत नाही ते जास्त लक्षात ठेवण्यासारखं: फक्त कंपनीच्या कामगारांसाठीचं काम, राजकीय पक्षाला मदत आणि कंपनीची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व. तालीम मंडळाच्या कार्यक्रमाला कंपनीचा फलक लावून मिळणारे पैसे हे जाहिरातीच्या खात्यातून येतात. ते घ्यायला हरकत नाही, पण त्याला सीएसआर म्हणू नये. एका दिवसाची मॅरेथॉन किंवा पुरस्कार सोहळाही सीएसआरमध्ये धरला जात नाही.

संस्थेला सीएसआरची रक्कम घ्यायची तर आयकर खात्याकडचे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) दोन्ही हवेत, त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडं सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक हवा. हा फॉर्म सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटनं प्रमाणित करायचा असतो आणि त्यावर विश्वस्ताची डिजिटल सही लागते. संस्था नवी असेल तर वाट पूर्ण बंद होत नाही. कंपनी स्वतःही थेट खर्च करू शकते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाणी शुद्धीकरण यंत्र बसवायचं असेल, तर कंपनी पुरवठादाराला थेट पैसे देते; तुमची संस्था जागा ठरवणं, शाळेचं संमतीपत्र आणि देखभाल सांभाळते. संस्थेच्या खात्यात रुपया येत नाही, पण काम होतं, आणि त्याचं पत्र मागून घेतलं तर तोच पुढच्या तीन वर्षांच्या अनुभवाचा पहिला कागद ठरतो.

महिन्यांकडं विशेष लक्ष द्या. कंपनीचा वर्षाचा सीएसआर आराखडा साधारण एप्रिल ते जूनमध्ये मंडळापुढं येतो. त्यात नाव यायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये पहिली भेट झालेली हवी. दुसरी संधी वर्षाच्या शेवटी, फेब्रुवारीच्या आसपास येते. चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते आणि बाकीची उरलेली रक्कम सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावी लागते. म्हणून वर्षअखेरीला कंपन्या कागद तयार असलेल्या आणि लगेच खर्च करू शकणाऱ्या संस्था शोधतात. या वेळी उपयोगी पडतो तो वस्तूंचा, कोटेशन जोडलेला, सहा आठवड्यांत संपणारा प्रस्ताव.

सरकारी पैसा

इथं एक फरक आधी समजून घ्या. काही सरकारी पैसा संस्थेच्या खात्यात येतो. काही पैशांतून गावात वस्तू उभी राहते आणि संस्थेला रोख काहीच मिळत नाही. आमदार निधी आणि खासदार निधी, वर्षाला प्रत्येकी ५ कोटी, हे दुसऱ्या प्रकारात येतात. लोकप्रतिनिधी पत्रानं काम सुचवतात, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मंजुरी मिळते, काम सरकारी यंत्रणा करते. अभ्यासिकेची इमारत, समाजमंदिराचं शेड यासाठी ही वाट ठीक. शिक्षकाच्या मानधनासाठी नाही. जागा कोणाच्या नावावर आहे हा पहिला प्रश्न येतो, त्यामुळं सातबारा किंवा मालमत्ता पत्रक सोबतच न्या.

छोट्या कामांसाठी दुर्लक्षित राहणारी जागा म्हणजे स्थानिक संस्थांचा स्वतःचा उत्पन्न निधी. जिल्हा परिषदेनं स्वउत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर, १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामपंचायतीला हे प्रमाण १५, १० आणि ५ टक्के आहे. अनेक गावांत दिव्यांगांचे ५ टक्के मार्चपर्यंत पडून राहतात. तुमची संस्था दिव्यांगांची यादी, प्रमाणपत्रं आणि प्रत्येकाला काय हवं याचा तक्ता घेऊन डिसेंबरात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचा ग्रामसेवक) गेली, तर ग्रामपंचायतीचंही काम सोपं होतं. मोठं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायचं असेल तर ते ग्रामसभेत मांडावं लागतं. आराखडा छापून झाल्यावर गेलं तर वर्ष वाया.

केंद्राच्या मंत्रालयांकडून अनुदान हवं तर नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. ही नोंदणी मोफत आहे. संस्थेचा आणि पदाधिकाऱ्यांचा पॅन तयार ठेवा. दिव्यांग पुनर्वसनासारख्या योजनांचे अर्ज ई-अनुदान पोर्टलवरून जातात. शेती, पाणलोट, बचत गट यांसाठी नाबार्डचे (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचे) जिल्हा विकास व्यवस्थापक भेटण्यासारखे आहेत. नाबार्डचा पैसा प्रस्तावापेक्षा आधी झालेल्या बोलण्यातून जास्त पुढं सरकतो. वाचनालयांसाठी राज्याचं वर्गवारीनुसार अनुदान जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत येतं, आणि पुस्तकं, इमारत, फर्निचर यांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत.

सरकारी अनुदान उशिरा येतं, आणि कधी फार उशिरा. त्यावर पगार अवलंबून ठेवू नका.

ट्रस्ट, रोटरी आणि परदेशातला पैसा

टाटा ट्रस्ट्स, अझीम प्रेमजी फाउंडेशन यांच्यासारखे मोठे देणगीदार एका गावाच्या एका कामाला सहसा हात घालत नाहीत. त्यांना अनेक वर्षं चालणारा विषय, शिकलेली टीम आणि व्यवस्थित हिशेब हवा असतो. पाच वर्षांचं ध्येय म्हणून त्यांच्याकडं पाहा.

रोटरीचा कोल्हापूर जिल्हा डिस्ट्रिक्ट ३१७० मध्ये येतो. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटचं किमान अंदाजपत्रक ३०,००० डॉलर असतं, परदेशातला एक भागीदार क्लब लागतो आणि समाजाच्या गरजेचा अभ्यास आधी झालेला असावा लागतो. अर्ज क्लब करतो, संस्था नाही. तेव्हा संस्थेनं क्लबाकडं जाताना तो गरजेचा अभ्यास तयार करून न्यावा: किती घरं, किती जणांशी बोललो, लोकांनी काय मागितलं. रुग्णालयाला डायलिसिस यंत्र, शाळांना मोठी पाणी योजना अशी कामं यात बसतात. छोट्या कामांसाठी डिस्ट्रिक्ट ग्रँट असते.

परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परकीय अंशदान कायदा २०१० लागू होतो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी आणि त्या तीन वर्षांत मूळ उद्देशांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला असावा. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यायला हवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे. इथं घरगुती वाटणारी एक गोष्ट गंभीर ठरते. गावचा मुलगा अमेरिकेत आहे, त्याचा भारतीय पासपोर्ट कायम आहे आणि तो बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून देतो, तर ती परकीय देणगी होत नाही. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) असलं तरी ती परकीय देणगी होते. एफसीआरए नसलेल्या संस्थेनं ती घेतली तर गुन्हा ठरतो. म्हणून प्रत्येक परदेशस्थ देणगीदाराकडून नागरिकत्वाचा पुरावा आधी मागा. विचारायला संकोच वाटतो, पण विचारायचंच.

फाईल

पैसा शोधण्याआधी करण्याचं काम शेवटी सांगतोय, कारण वरचं वाचल्यावर त्याचं महत्त्व पटतं. देणगीदार मागतो ते कागद असे: नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा विश्वस्तनामा, धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट १ चा उतारा (संस्थेची नोंद आणि विश्वस्तांची नावं असलेला), पॅन, १२ए आणि ८०जी चे आदेश, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि आयकर विवरणपत्रं, दर्पण आणि सीएसआर-१ चे क्रमांक, विश्वस्तांची यादी, अर्ज करण्याचा ठराव, रद्द केलेला धनादेश.

यात अडकतं ते बहुधा परिशिष्ट १ मध्ये. विश्वस्त बदलले, एखाद्याचं निधन झालं, नवी कार्यकारिणी निवडली, की ९० दिवसांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही, तर उताऱ्यावर जुनी नावं राहतात आणि अर्जावर सही नव्या अध्यक्षांची असते. देणगीदाराचा वकील तिथंच थांबतो. दुसरी अडचण उद्देशांची. घटनेत ‘शैक्षणिक व सांस्कृतिक’ एवढंच लिहिलं असेल आणि प्रस्ताव पंचगंगेच्या प्रदूषणावर असेल, तर उद्देश वाढवून घेण्यात महिने जातात. तिसरी अगदी बारीक, पण रोजची: प्रमाणपत्रावर ‘बहुउद्देशीय सेवाभावी संस्था’, पॅनवर ‘सेवाभावी’ गाळलेलं, बँकेत आणखी वेगळं स्पेलिंग. पोर्टल अशी नावं जुळवत नाही, अर्ज परत करतं. आज दुपारी तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासता येईल अशी ही गोष्ट आहे.

१२ए आणि ८०जी ची मंजुरी आता ठरावीक मुदतीची असते. संपण्याच्या किमान सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज जायला हवा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळं फॉर्म भरताना क्रमांक सीएकडून तपासून घ्या. देणगीदारांच्या बोलण्यात मात्र १२ए आणि ८०जी हीच नावं टिकून आहेत. ८०जी असलेल्या संस्थेला दरवर्षी देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत द्यावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि देणगीदाराची करसवलत अडकते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ८०जी ची सवलत मिळत नाही, हे पावती पुस्तकावरच छापून ठेवा.

नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१सी खाली परवानगी घेता येते. अनुदान मात्र नोंदणीशिवाय मिळणं कठीण. नोंदणीकृत संस्थेशी लेखी करार करून तिच्या खात्यातून काम करणं हा मधला मार्ग आहे. करारात कामाची वाटणी, सह्यांचे अधिकार आणि सामानाची मालकी लिहून घ्या.

एक प्रस्ताव जवळून

समजा, हातकणंगले तालुक्यातल्या एका कारखान्याच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडल्या आहेत आणि तिथल्या ४० मुलांचं शिक्षण तुटू नये असं संस्थेला वाटतं. ‘ऊसतोड मजुरांच्या मुलांचे शैक्षणिक सक्षमीकरण’ असं शीर्षक देऊन तीन पानं लिहिली तरी देणगीदाराला काहीच कळत नाही. त्याला चार गोष्टी हव्यात: मुलं किती, आत्ता काय होतं, तुम्ही नेमकं काय करणार, शेवटी काय बदललेलं दिसेल.

मुलांचा आकडा अंदाजानं लिहू नका. किती टोळ्या येणार हे कारखान्याच्या शेती विभागाला माहीत असतं, कुटुंबं मुकादमाला माहीत असतात. दोन दिवस कोप्यांवर फिरून नाव, वय, गावाकडची शाळा आणि इयत्ता अशी यादी करा. तीच प्रस्तावाचा कणा. मग जाणता देणगीदार विचारणारच: जिल्हा परिषदेची शाळा असताना वेगळी शाळा कशाला? प्रश्न रास्त आहे. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. जवळच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळतो. अडतं ते अंतर आणि वेळ. आईवडील पहाटेच फडावर जातात, शाळा चार किलोमीटरवर, आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळत कोपीवरच थांबते. म्हणजे वेगळी शाळा नको; ने-आण आणि संध्याकाळचा वर्ग हवा. प्रस्ताव इथं बदलतो, स्वस्त होतो आणि जास्त पटतो.

पाच महिन्यांच्या हंगामाचं नमुन्यादाखल अंदाजपत्रक:

दोन शिक्षिका, २ × १२,००० × ५ महिने: १,२०,०००
ने-आण, परवाना-विमा असलेली गाडी, २२,००० × ५: १,१०,०००
नाश्ता, ४० मुलं × १३० दिवस × १५ रुपये: ७८,०००
वह्या, दप्तर, साहित्य, ४० × ८००: ३२,०००
समन्वयक, १८,००० चा निम्मा वेळ × ६ महिने: ५४,०००
कार्यालय, फोन, छपाई, ६,००० × ६: ३६,०००
लेखापरीक्षण: १०,०००
एकूण: ४,४०,०००, म्हणजे मुलामागं ११,०००

समन्वयकाचे सहा महिने का, तर यादी आणि शाळाप्रवेश हंगामाआधी सुरू होतात. समन्वयक आणि कार्यालयाचा खर्च लपवून इतर ओळींत कोंबू नका. सीएसआर नियमांतली प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च तिच्यात मोजला जात नाही. हे बऱ्याच कंपनी अधिकाऱ्यांनाही नीट ठाऊक नसतं, तेव्हा शांतपणे नियम दाखवा. कारखान्यानं दिलेली शेड आणि वीज ‘स्थानिक सहभाग’ म्हणून अंदाजे किंमतीसह वेगळ्या रकान्यात लिहा. ऊस कमी पडून हंगाम चारच महिन्यांत आटोपला तर उरलेल्या पैशाचं काय करणार, हेही एका वाक्यात आधीच सांगून ठेवा. शेवटच्या बदलाचं मोजमाप हजेरीतून करा: ‘४० पैकी किमान ३२ मुलांची शाळेतली हजेरी ७५ टक्क्यांवर, आणि परत जाताना प्रत्येकाच्या हाती हजेरीचा दाखला.’

हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. याचा अर्थ कंपनीशी पहिलं बोलणं आदल्या फेब्रुवारीत.

दलाल

‘सीएसआर मिळवून देतो, १० टक्के आगाऊ द्या’ म्हणणारे फोन सध्या छोट्या संस्थांना खूप येतात. खरा देणगीदार अर्जासाठी पैसे घेत नाही. त्याहून घातक प्रस्ताव असा: मोठी रक्कम खात्यात टाकू, त्यातली बरीचशी रोख परत करा. यात खोटी बिलं संस्थेच्या नावावर राहतात आणि नोंदणी रद्द होण्यापासून फौजदारी कारवाईपर्यंत सगळं विश्वस्तांच्या अंगावर येतं. अशा माणसाशी दुसरी भेटही नको. प्रस्ताव लिहून देणाऱ्या जाणकाराला कामाची ठरावीक फी देणं योग्य. मंजूर रकमेवर टक्केवारी देऊ नये.

पैसा आल्यावर

मंजुरीचं पत्र आलं की आधी करार वाचा: हप्ते किती, अहवाल कधी, एका ओळीतला पैसा दुसऱ्या ओळीत किती टक्क्यांपर्यंत नेता येतो, सामान शेवटी कोणाचं. प्रकल्पासाठी वेगळं बँक खातं काढा. ते जमत नसेल तर निदान वेगळी खतावणी ठेवा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख देऊ नका. तो खर्च आयकरात धरला जात नाही. गाडीवाल्याचं महिन्याचं बिलही बँकेतूनच द्या. केंद्र सरकारच्या अनुदानावर मिळालेलं व्याज सरकारला परत करायचं असतं. उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचं असतं. ते थकलं की पुढचा हप्ता थांबतो.

पुरासारखी अडचण आली तर वेळापत्रक बदलतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांची इशारा रेषा ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघाली की शिरोळ-करवीरमधलं काम थांबणार, हे सगळ्यांना कळतं. पण देणगीदार दिल्लीत किंवा मुंबईत बसलेला असतो. त्याच दिवशी दोन ओळींची ईमेल टाका: काम कधीपर्यंत थांबेल, कोणता खर्च पुढं ढकलला, मुदत किती वाढवून हवी. महिना उलटून गेल्यावर हिशेबात सांगितलं तर तोच खर्च ‘परवानगीविना बदल’ म्हणून लाल शाईत येतो. मुदतवाढीचं उत्तर लेखी घ्या आणि करारासोबत त्याच फाईलला लावा, कारण लेखापरीक्षक वर्षानं येतो आणि तोवर तिकडचा अधिकारी बदललेला असतो.